सीएनआय, कॅथलिक की फेलोशिप? आमच्या घरातला घोळ

आगरातला_माड | शनिवार, रात्री १०:४०

हा धागा काढू की नको यात दोन महिने गेले. इथे ख्रिस्ती सभासद बोटांवर मोजण्याइतके, पण आहेत ते नीट बोलतात, म्हणून काढतोय. बाकीच्यांनीही लिहा, फक्त गाडी भलत्या फाट्याला नेऊ नका.

मी वेंगुर्ल्याचा. वडील सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया), म्हणजे मूळचे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या मंडळीतले. आजोबा मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. आई सावंतवाडीकडची, कॅथलिक. तिने प्रोटेस्टंटाशी लग्न केलं म्हणून माहेरचं दार चार वर्षं बंद होतं. मी झालो तेव्हा मामा डोक्यावर बरका फणस घेऊन आला आणि तो फणस फोडता फोडता भांडण मिटलं. माझा बाप्तिस्मा वडिलांच्या चर्चमध्ये झाला. आई दर रविवारी वडिलांबरोबर उपासनेला यायची, गीतं सगळ्यांपेक्षा मोठ्याने म्हणायची, आणि घरी आली की तांदळाच्या डब्यातून जपमाळ काढून मागच्या पडवीत बसायची. आम्हा भावंडांना याची इतकी सवय की जपमाळ डब्यात ठेवली म्हणजे तांदळाला किडे लागत नाहीत, असा माझा आठवीपर्यंत समज होता.

बायको वसईची, कुपारी समाजातली, पक्की कॅथलिक. लग्न तिच्या धर्मग्रामात, म्हणजे तिच्या चर्चच्या हद्दीत, झालं, बिशपांची परवानगी काढून. मुंबईत होतो तोवर काही अडलं नाही. कधी तिच्याबरोबर मिस्साला (कॅथलिक उपासनेला), कधी एकटा उपासनेला, बहुतेक रविवारी झोप. तीन वर्षांपूर्वी गावी आलो. आगर बघतो, दोन खोल्या पर्यटकांना देतो.

आता मुलगी सात महिन्यांची झाली आणि प्रत्येकाचं बोट वेगळ्या दिशेला आहे. बायकोला स्नानसंस्कार हवा, म्हणजे कॅथलिक चर्चमधला बाप्तिस्मा. आमच्या पाळकांनी बाप्तिस्म्याची तारीख विचारून दोनदा फोन केला. त्यात कुडाळचा चुलतभाऊ एका फेलोशिपमध्ये, म्हणजे नव्या स्वतंत्र मंडळीत, जातो. त्याचं म्हणणं, “दादा, तुझाच बाप्तिस्मा झालेला नाही. तान्हेपणी डोक्यावर शिंपडलं ते नुसतं पाणी. आधी तू बुडून घे, मग पोरीचं बघू.”

प्रश्न पोरीचा आहे तसा माझाही. मी सीएनआयमध्ये का आहे? वडील होते म्हणून. एवढं पुरतं का? तिघांनी एका बाकावर बसावं असं वाटतं. कुठल्या, ते सांगा.

कट्ट्यावरचो_अण्णा | रात्री ११:०५

धागा शंभरी गाठणार. वाचनखूण साठवली.

अजाण प्रश्न विचारतो, रागावू नका. हे आमच्या शैव-वैष्णवासारखं आहे का? आमच्यात सोपं. कुळाचार बापाचा, गाऱ्हाणं गावच्या देवाला, उपास आईचे.

वसईकर_फुगा | रात्री ११:३२

अण्णा, तसं नाही. शैव माणूस विठोबाच्या देवळात गेला तर त्याला प्रसाद नाकारत नाहीत. आमच्यात नेमकं तिथेच अडतं.

माडराव, स्पष्ट लिहितो. परवानगी घेऊन लग्न झालंय म्हणजे तुमच्या मिसेसनी वचन दिलंय. मुलांचा स्नानसंस्कार आणि संगोपन कॅथलिक चर्चमध्ये व्हावं यासाठी आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं ते वचन. प्रश्न तेव्हाच सुटला होता, तुम्ही आता धागा काढताय. ख्रिस्ताने एकच चर्च स्थापन केलं. बाकीची माणसांनी काढली, त्यातली बरीचशी एकमेकांशी भांडून.

आगरातला_माड | रात्री ११:५०

वचनाचं खरं आहे. फादरांनी मला समोर बसवून ते वाचून दाखवलं. मला वचन द्यावं लागलं नाही. “तुम्हाला माहीत असलं म्हणजे झालं,” म्हणाले.

पाळकाची_लेक | रविवार, दुपारी २:१५

उपासनेहून आले, आता लिहिते.

वसईकर, वचनातले शब्द तुम्हीच लिहिलेत तसे वाचा. “आपल्याकडून होईल ते सगळं.” नवरा-बायको मिळून वेगळं काही ठरवणारच नाहीत, असं त्यात नाही. पूर्वी ख्रिस्ती पण कॅथलिक नसलेल्या जोडीदारालाही हमी द्यावी लागे. पोप सहावे पॉल यांनी १९७० मध्ये तो नियम सैल केला. तुमच्याच चर्चने केलेला बदल आहे.

आणि “भांडून काढली” म्हणता, तर जोडून केलेलं एक चर्च सांगते. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र आली आणि सीएनआय झालं. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मिळून १९२४ पासून असलेलं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स, ब्रिटिश परंपरेचे मेथडिस्ट. यात बिशप मानणारे होते आणि न मानणारेही. तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देणारे होते आणि ते चुकीचं मानणारेही. वाटाघाटी चाळीस वर्षं चालल्या. माझे वडील तेव्हा तरुण पाळक होते. ते म्हणायचे, इतका चहा पिऊन झालेलं दुसरं चर्च भारतात नसेल.

माडभाऊ, तुमच्या कामाची गोष्ट त्यातच आहे. तान्ह्यांचा बाप्तिस्मा न मानणारे बॅप्टिस्ट आत आले म्हणून सीएनआयने दोन्ही वाटा ठेवल्या. बाळाला आत्ता बाप्तिस्मा द्या आणि मोठेपणी दृढीकरण (तिने स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) करा, किंवा आत्ता फक्त अर्पण-प्रार्थना करा आणि समज आल्यावर तिला स्वतःच्या तोंडाने बाप्तिस्मा मागू दे. दोन्ही चालतं. घाई करू नका.

साक्ष_सातवी | रविवार, दुपारी ४:०३

प्रभूच्या नावात सलाम.

मी मालवणचा, ट्रॉलरवर खलाशी होतो. दारू किती, ते लिहीत नाही. बायको पोरं घेऊन माहेरी गेली. मी जन्माचा कॅथलिक, घरात क्रूस, नाताळात नवा शर्ट, एवढाच माझा धर्म. फेलोशिपचे दोघे भाऊ सव्वा महिना रोज संध्याकाळी सात वाजता माझ्या दारात उभे. सात वाजता, कारण गुत्त्यावर मी साडेसातला जायचो हे त्यांना माहीत होतं. प्रार्थना करायचे, भजी खायचे, जायचे. माझ्या इगर्जीतून, म्हणजे चर्चमधून, तेव्हा कुणी आलं नव्हतं. समुद्रात बुडून बाप्तिस्मा घेतला त्याला सहा वर्षं झाली. तेव्हापासून थेंब नाही.

मला डॉक्ट्रिन नीट सांगता येत नाही. पण बायबलात आधी विश्वास, मग बाप्तिस्मा असाच क्रम आहे. बाळ विश्वास कसा ठेवणार?

वसईकर_फुगा | रविवार, सायंकाळी ५:२०

तुमची दारू सुटली, आनंद आहे, मनापासून. पण गल्लीगल्लीत दुकानं टाकावीत तशी ही चर्च निघालीत. पास्टरचं शिक्षण काय, बिशप कोण, हिशेब कोण बघतो? अमेरिकेतून आलेलं फॅड आहे.

जुनं_बाड | रविवार, रात्री ९:४४

फॅड अमेरिकेतून आलं म्हणणाऱ्यांसाठी: लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटची प्रसिद्ध जागृती, जिच्यातून अशा फेलोशिप निघाल्या म्हणतात, ती १९०६ ची. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये तशीच जागृती १९०५ मध्ये झाली होती. मुली तासन्‌तास प्रार्थना करत होत्या, रडत होत्या. तेव्हा गंगा उलटीही वाहते.

रमाबाईंचं उदाहरण या धाग्याला चपखल आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला अँग्लिकन जोगिणींच्या मठात त्यांचा बाप्तिस्मा झाला. तिथल्या सिस्टर जेराल्डाइनशी त्यांची पत्रापत्री वाचली तर कळतं की बाईंनी एकही गोष्ट “चर्च सांगतं म्हणून” घेतली नाही. त्रैक्य का मानायचं, बिशपचं का ऐकायचं, सगळं खोदून विचारलं. ख्रिस्ती झाले म्हणजे कुणा एका पंथाची झाले नाही, असा त्यांचा शेवटपर्यंतचा पवित्रा.

दुसरे आपल्या कोकणातले, ना. वा. टिळक. जन्म १८६१, करजगाव. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा, अमेरिकन मराठी मिशनमध्ये. बावीस वर्षं तिथे काढली आणि १९१७ मध्ये बाहेर पडून ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. दोनच वर्षांत ते गेले आणि दरबारही फार टिकला नाही. पण रविवारी सीएनआयमध्ये तुम्ही जी गीतं म्हणता, त्यातली कितीतरी या बाहेर पडलेल्या माणसाची आहेत.

आणि वसईकर, “एकच चर्च” बद्दल. मुंबई-साष्टीत एकाच गावात कॅथलिकांचे दोन तट होते, एक पोर्तुगालच्या पाद्रोआदोचा, दुसरा थेट रोमने नेमलेल्या प्रोपागंडाचा. बिशप दोन. हा दुहेरी कारभार संपायला १९२८ उजाडलं. भाऊ भावाच्या चर्चमध्ये जात नव्हता.

वसईकर_फुगा | रविवार, रात्री १०:१०

ते राजकारण होतं, श्रद्धा एकच होती.

जुनं_बाड | रविवार, रात्री १०:१२

सगळ्यांचं तेच असतं.

[या जागचा एक प्रतिसाद आणि त्यावरचे चार उपप्रतिसाद काढले आहेत. धर्मांतरावर भांडायचं असेल तर वेगळा धागा काढा, इथे एक घर अडचणीत आहे. – व्यवस्थापक]

कोर्लईचा_दीपस्तंभ | सोमवार, सकाळी ८:३०

आमच्या गावात निवड हा शब्दच नाही. किल्ल्याखाली गाव, गावात कार्मेल मातेचं चर्च, घरात नोलिंग. बाहेरच्यांसाठी सांगतो, ही आमची बोली, शब्द पोर्तुगीज आणि वाक्याची बांधणी मराठीकडे झुकलेली. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, आम्ही तिथेच. कोण कुठल्या चर्चचा हे विचारावं लागत नाही, आडनाव सांगितलं की झालं.

म्हणून माझी पंचाईत आहे. मुलीने पुण्याचा मेथडिस्ट मुलगा पसंत केला. मेथडिस्ट म्हणजे सीएनआयच ना? व्याह्यांना विचारायची लाज वाटते.

पाळकाची_लेक | सोमवार, सकाळी ९:१५

दीपस्तंभ काका, तुमच्या व्याह्यांचे बहुधा सीएनआयमध्ये नाहीत. भारतात मेथडिस्ट दोन प्रकारचे होते. ब्रिटिश परंपरेचे १९७० मध्ये आत आले. अमेरिकन परंपरेचे अगदी शेवटच्या घटकेला मागे फिरले. तेच मोठे होते. १९८१ पासून ते मेथडिस्ट चर्च इन इंडिया या नावाने स्वतंत्र आहेत. बिशप त्यांच्यातही आहेत, तान्ह्यांना बाप्तिस्माही देतात. तुमच्या फादरांना तो बाप्तिस्मा चालेल. पाणी आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा या नावाने झालेला असला की कॅथलिक चर्च पुन्हा देत नाही.

माडभाऊ, हे तुम्हालाही लागू. उद्या कॅथलिक व्हायचं ठरवलंत तर पुन्हा पाणी नाही. विश्वासकथन, मग दृढीकरण आणि प्रभुभोजन (कॅथलिकांचा ख्रिस्तप्रसाद). फेलोशिपमध्ये मात्र पुन्हा सुरुवातीपासून. याचा अर्थ नीट बघा. एक चर्च तुमच्या वडिलांनी केलेलं धरतं आणि पुढे जातं, दुसरं ते झालंच नाही म्हणतं. मला तरी हा फरक जपमाळ आणि मूर्तींपेक्षा मोठा वाटतो.

चिपळूणचा_चेट्टन | सोमवार, दुपारी १:००

आणखी थोडा गोंधळ वाढवतो. अप्पा कोकण रेल्वेच्या कामावर आले आणि इथेच राहिले. मी मराठी शाळेतला. आम्ही कॅथलिक, पण इथल्यासारखे लॅटिन पद्धतीचे नाही, केरळचे सिरो-मलबार. आमचा वेगळा धर्मप्रांत १९८८ पासून कल्याणला आहे. पोप तेच, पण आमची मिस्सा वेगळी, प्रार्थना वेगळ्या, परंपरा संत थॉमसची. रोमशी जोडलेली अशी लॅटिन धरून चोवीस चर्च आहेत. म्हणजे “कॅथलिक हो” म्हटलं तरी कुठला, हा प्रश्न उरतोच. इथे आमचं चर्च जवळ नाही म्हणून लॅटिनमध्ये जातो. अम्मा इतकी वर्षं कुरकुर करत जातेय.

उलटा प्रवासही झालाय. गोव्याचे फादर आल्व्हारिस, मूळ कॅथलिक. पाद्रोआदोच्या भांडणात बाहेर पडले आणि १८८९ मध्ये कोट्टायमला मलंकर ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशप झाले, नाव मार युलिओस. कबर रायबंदरच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आहे.

खाडीपलीकडची | सोमवार, दुपारी १:२०

ॲडव्हेंटिस्टांचा विचार करणार असाल तर एवढंच सांगते, शनिवार पाळावा लागेल आणि कोलंबी, कुर्ल्या, तिसऱ्या कायमच्या बंद. लेवीयच्या अकराव्या अध्यायात खवले-पर नसलेलं निषिद्ध आहे आणि ते लोक हे पाळतात. माझी आतेबहीण दोन वर्षं होती. तिसऱ्या वर्षी मान्सूनच्या तोंडावर परत आली.

कट्ट्यावरचो_अण्णा | सोमवार, दुपारी १:२५

खाडीपलीकडची +१. धर्म एका बाजूक, तिसऱ्यो एका बाजूक.

आगरातला_माड | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री ९:३०

उत्तर द्यायला उशीर झाला कारण तुमचं वाचून ठरवलं, वाद घालण्यापेक्षा जाऊन बसावं. तीन रविवार, तीन ठिकाणी. बायको आणि मुलगी तिन्हीकडे बरोबर होत्या.

पहिला, आमचं सीएनआय. माणसं मोजली. अडतीस, त्यात तीन झोळीतली. पेटीची एक पट्टी दाबली की वर येत नाही. वाजवणारे गुरुजी तो स्वर आला की उजव्या हाताने वाजवतात आणि डाव्या हाताच्या करंगळीने पट्टी उचलतात. भाता कोण मारतो? शेजारी बसलेला त्यांचा नातू. हे मी लहानपणापासून बघतोय, तेव्हा नातवाच्या जागी मी होतो. उपदेश लांबला, प्रभुभोजन होतं. आमच्याकडे कुठल्याही चर्चच्या दीक्षित सभासदाला ते खुलं असतं, पाळकांनी तसं मोठ्याने सांगितलंही. बायको हात जोडून बसून राहिली. तिच्या नियमाने तिने घ्यायचं नसतं. बाहेर गडग्यावर कोरा चहा आणि खारी. तिघांनी विचारलं, मागचे दोन रविवार कुठे होतास. एकाला तर माझ्या नारळ उतरवणाऱ्या पाडेल्याचा पाय मुरगळल्याचंही माहीत होतं.

दुसरा, मिस्सा. खच्चून गर्दी, दारात उभी माणसं. कोंकणीत होती, बायकोला अर्धी कळली नाही. पण कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे, हे तिला भाषेवाचून कळतं. मी मात्र प्रत्येक वेळी अर्धा सेकंद मागे. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी अख्खा बाक उठला आणि माझ्या गुडघ्यांवरून पुढे गेला. मी मुलीला मांडीवर घेऊन बसलेला. शेवटच्या म्हातारीने माझा दंड धरला. “यो रे.” मी मान हलवली. तिला वाटलं, मी मोठं पाप करून आलोय. जाताना तिने माझ्याकडे इतक्या कळवळ्याने पाहिलं की तिला हाक मारून सांगावंसं वाटलं, आजी, पाप नाही, प्रेस्बिटेरियन आहे.

तिसरा, कुडाळ. लाद्यांच्या दुकानावरचा पत्र्याचा हॉल, जिन्यात चपलांचा ढीग. अडीच तास. कीबोर्ड, ड्रम, प्रत्येकाच्या हातात फोनवर गीताचे शब्द. माझ्या पुढचा माणूस, अंदाजे साठीचा, हमसून रडत होता आणि बाजूच्या पोराने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता, पूर्ण वेळ. काढला नाही. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. का, ते मला अजून सांगता आलेलं नाही. नंतर दशांशावर, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा देण्यावर, पाऊण तास उपदेश झाला, तेव्हा ते पाणी वाळलं. संध्याकाळपर्यंत मी त्यांच्या दोन व्हॉट्सॲप ग्रुपांत होतो.

माझं म्हणणं विस्कळीत वाटेल, पण लिहितो. मिस्साला मी गेलो नाही तर कुणाला पत्ता लागणार नाही. हॉलमध्ये गेलो नाही तर फोन येईल. आमच्या चर्चमध्ये गेलो नाही तर अडतीसाचे सदतीस होतात आणि त्या सदतीसांना मी कुठे आहे ते ठाऊक असतं. मला वाटतं, मी तिथला आहे तो यामुळे.

वसईकर_फुगा | रविवार, रात्री १०:०५

हा काय निकष झाला? हजेरी घेतात म्हणून चर्च खरं? मग भजनी मंडळात जा, तिथेही विचारतील. ख्रिस्त त्या भाकरीत खरोखर आहे की नाही, हा प्रश्न आहे. असेल तर तुम्ही बाकावर बसून राहिलात आणि तो समोरून गेला. नसेल तर आम्ही सगळे रांगेतले वेडे. मधलं काही नाही.

पाळकाची_लेक | रविवार, रात्री १०:३०

वसईकर, या वेळी मी तुमच्या बाजूने थोडी आहे. माडभाऊ, सिद्धांताला इतकं सहज बाजूला सारू नका. आमच्यात तेहतीस टक्के लोकांना आपण कॅथलिक का नाही हे माहीत नाही आणि उरलेल्यांना फक्त “आम्ही मूर्ती ठेवत नाही” एवढंच. (तेहतीस हा माझा आकडा, मंडळी मोजायची सवय बाबांकडून आली.) पोप, मरियेची भक्ती, बायबलातली ६६ की ७३ पुस्तकं, भाकरीचं काय होतं, यावर खरे मतभेद आहेत. पण ज्यावरून मुळात फुटलो, म्हणजे माणूस तरतो कशाने, कृपेने की कर्माने, त्यावर लुथरन आणि रोम यांनी १९९९ मध्ये संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट त्याला जोडले गेले, २०१७ मध्ये प्रेस्बिटेरियनांची जागतिक संघटना. म्हणजे तुमच्या आजोबांचं मुख्य भांडण बरंचसं मिटलंय. कोकणात कळवायला कुणी आलं नाही इतकंच.

आता दुसरं, जे कुणी लिहीत नाही. मेल्यावर कुठे?

बाबा निवृत्त होऊन एका बंदराच्या गावी राहिले. गावाचं नाव लिहीत नाही. जुलैत गेले. आमची दफनभूमी तिथून पन्नास किलोमीटर, मध्ये दरड कोसळलेली. कॅथलिकांची सिमेटरी घरापासून चालत दहा मिनिटं. विचारलं. “वर विचारून सांगतो,” असं उत्तर आलं. सकाळी आठला विचारलं होतं. जेटीवरून मासळीचा बर्फ आणला, तो लाकडाच्या भुश्यासकट होता. आई आणि मी भुसा निपटत बसलो, बाबांच्या सदऱ्याला लागू नये म्हणून. चारला होकार आला, कोपऱ्यात, भिंतीलगत. मला राग यायला हवा होता. पण मुसळधार पावसात खड्डा खणणारे चौघे त्याच इगर्जीचे होते आणि कुणी बोलावलेलं नसताना दुपारी दोनपासूनच कुदळी घेऊन भिंतीशी उभे होते.

तेव्हा कुठल्याही मंडळीत जा, पण हा प्रश्न आधी विचारून घ्या. तोंडावर विचारा.

साक्ष_सातवी | रविवार, रात्री ११:१०

ताई, हे आमच्यातही आहे. आमच्याकडे जागाच नाही. गेल्या साली एक भाऊ गेला, त्याच्या बायकोला जुन्या चर्चचे पाय धरावे लागले. पास्टरांना मी हेच विचारलं, तर म्हणाले, देह मातीच आहे. खरं आहे. पण माती ठेवायला जागा लागते.

बावखलातली_मासोळी | सोमवार, सकाळी ६:१५

नवीन सभासद. नवीन नाव घेतलंय ते फक्त या धाग्यासाठी. मी ‘बायको’.

काल रात्री याने फोन उघडा ठेवला म्हणून कळलं. माझ्याबद्दल, माझ्या वचनाबद्दल, मी कधी गुडघे टेकते त्याबद्दल एवढ्या लोकांनी लिहिलंय. मला कुणी विचारलं? यानेही नाही.

वसईकर काका, माझं वचन मला पाठ आहे, माझ्या वतीने तुम्ही आठवण करून द्यायची गरज नाही. ते मी कुणी सांगितलं म्हणून दिलेलं नाही. आमच्या बावखलाच्या, म्हणजे तळ्याच्या, काठावर खुरीस (क्रूस) आहे, तिथे मे महिन्यात रोज संध्याकाळी जपमाळ व्हायची. आजी मला काखेत घेऊन जायची. माझ्या मुलीच्या कानावर ते शब्द पडावेत, एवढं मला हवंय. सिद्धांत काय तो नंतर शिकेल.

पण हेही लिहिते. बाळंत झाले तेव्हा माझं माहेर पाचशे किलोमीटरवर. सव्वा महिना डबा कुणी आणला? याच्या त्या सदतीसांतल्या बायकांनी, वारी लावून. कॅथलिक सून म्हणून एकीनेही टोमणा मारला नाही. डिंकाचे लाडू इतके आले की पर्यटकांना वाटले. माझ्या धर्मग्रामातल्यांना मी इथे आहे हेच माहीत नव्हतं. चूक त्यांची नाही, मी नाव नोंदवायलाच गेले नव्हते.

म्हणून मला नवरा कॅथलिक करून नकोय. तीन रविवार तो शाळा बघितल्यासारखा चर्च बघत फिरला, याचा राग आहे. घरी बोल. इथे नाही.

कट्ट्यावरचो_अण्णा | सोमवार, सकाळी ६:४०

माडा, फोन बंद कर आणि चुलीकडे जा.

खाडीपलीकडची | सोमवार, सकाळी ७:१०

ताई, स्वागत. लाडवांची कृती येऊ द्या.

वसईकर_फुगा | सोमवार, सकाळी ११:००

मासोळीताई, चुकलं. मी त्या वचनाकडे कलम म्हणून बघत होतो.

उपयोगाचं एक सांगतो, घ्यायचं तर घ्या. स्नानसंस्काराला धर्ममाता किंवा धर्मपिता कॅथलिक लागतो, दृढीकरण झालेला, सोळा पूर्ण. पण त्याच्या जोडीला दुसऱ्या चर्चमधला बाप्तिस्मा झालेला माणूस साक्षीदार म्हणून उभा राहू शकतो आणि नोंदवहीत त्याचं नाव येतं. माडरावांच्या बहिणीला उभं करा. फादर नाही म्हणाले तर चर्चच्या कायद्यातलं कलम, कॅनन ८७४, बघायला सांगा, नम्रपणे.

आगरातला_माड | दहा दिवसांनी, गुरुवार, रात्री ८:५०

घरी बोललो. सगळं इथे लिहीत नाही, परवानगी नाही.

ठरलं ते असं. मुलीचा स्नानसंस्कार कॅथलिक चर्चमध्ये, पुढच्या महिन्यात. धर्ममाता वसईची मावशी, साक्षीदार माझी बहीण. फादर लगेच हो म्हणाले, कॅनन काढायची वेळ आली नाही. बायको नाव नोंदवून आली. मी सीएनआयमध्येच. महिन्यातला पहिला रविवार तिघं माझ्याकडे, बाकीचे त्या दोघी तिकडे आणि मी कधी इकडे कधी तिकडे. एक बाक जमला नाही. कुडाळच्या भावाला फोन केला, तो म्हणाला मी प्रार्थना करत राहीन. करू दे. दफनभूमीचं दोन्हीकडे विचारलं. आमच्या पाळकांनी जागा दाखवली. फादर म्हणाले, नवरा-बायकोला वेगळं पुरायला मी काय वेडा आहे.

पाळकांना सांगायला गेलो तेव्हा माझी स्वतःची नोंद बघायला मागितली. मंडळीचं जुनं रजिस्टर, कापडी बांधणीचं, वाळवीने एक कोपरा खाल्लेला. बाप्तिस्म्याच्या पानावर माझं नाव, वडिलांचं नाव, हुद्दा. पुढे आईचं नाव आणि त्याच्यापुढे कंसात ‘रोमन’. तो शब्द निळ्या शाईने खोडलेला, बाकी पान काळ्या शाईत.

पाळकांना विचारलं, कुणी खोडलं? म्हणाले, त्या साली कमिटीचे सेक्रेटरी तुझे वडील होते, रजिस्टर त्यांच्या ताब्यात.

घरी येऊन आईला सांगितलं. ती सुपात तांदूळ पाखडत होती. म्हणाली, “तेंच्याकडे निळा पेन होता खरा.” आणि पाखडत राहिली.

बावखलातली_मासोळी | गुरुवार, रात्री ९:२०

तांदळाचा डबा मी आज घासून उन्हात ठेवलाय. आतली जपमाळ देव्हाऱ्याशेजारच्या खुंटीला लावली आहे. सासूबाई मघापासून शोधतायत, त्यांना सांग.